थांबा मागावा लागू नये

पहाटे पाचला पळस्पे फाट्यावर एकेक मोटरसायकल येऊन उभी राहू लागते. कुणी वाशीहून आलेलं असतं, कुणी डोंबिवलीहून, कुणी खारघर-कामोठ्याहून. आम्ही पनवेलचे चार-पाच जण आधीच पोचलेलो असतो. स्टँड लागतात, हेल्मेटं आरशांवर अडकतात, किटलीवाला कागदी कप भरत फिरतो. गेली आठ वर्षं मी या घोळक्यात आहे आणि एक गोष्ट दर वेळी पाहत आले आहे. चहाचा कप पुढे आला की बायका आधी एकमेकींकडे बघतात. एखादी दोन घोट घेते आणि उरलेला चहा हळूच कडेच्या मातीत ओतते. पाण्याची बाटली सॅडल बॅगेच्या पार तळाशी जाते, सहज हाताला लागू नये अशी. कुणी कुणाला काही सांगत नाही, पण हिशेब सगळ्यांचा एकच चाललेला असतो: आत्ता पोटात गेलेलं पुढे उतरवायचं कुठे?

मोटरसायकलवरच्या भटकंतीबद्दल आपल्याकडे भरभरून लिहिलं-बोललं जातं. घाटातली वळणं, कोकणातला पाऊस, लडाखची थंडी, गाडीचा आवाज. लघवीचा विषय त्यात येत नाही. आमच्या ग्रुपमध्ये तर कित्येक वर्षं त्याला धड शब्दही नव्हता. बाई ‘जरा फ्रेश होऊन येते’ म्हणायची, पुरुष ‘हलका होऊन येतो’ म्हणत झाडामागे जायचा. मी इथे लघवी हाच शब्द वापरणार आहे. नावच घ्यायची चोरी असेल तर त्यासाठी गाडी थांबवा असं सांगायचं तरी कसं?

पनवेलमध्ये हा विषय इतका साठून येतो त्याला कारण रस्ते आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही बंदी आहे. त्यामुळे मुंबईहून पुण्याला, कोकणात किंवा गोव्याला निघालेली जवळपास प्रत्येक मोटरसायकल सायन-पनवेल महामार्गाने इथे येते आणि इथून फुटते. एक वाट जुन्या महामार्गाने शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली करत बोरघाट चढते. दुसरी पळस्प्याला उजवीकडे वळून शिरढोण, कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, महाड अशी खाली उतरत जाते. शनिवार-रविवारी पहाटे पळस्प्याला उभं राहिलात तर अर्ध्या तासात पाच-सहा ग्रुप मोजता येतील. दत्त स्नॅक्सचा वडा हे त्यातल्या अनेकांचं परतीचं आमिष असतं.

आता यातली गंमत हसण्यासारखी नाही, पण खरी आहे. या सगळ्या परिसरातली बरी, मोठी, रांगेने नळ असलेली स्वच्छतागृहं द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये आहेत. तिथे जायला चारचाकी लागते. दुचाकीवाल्याला त्या दारापर्यंत पोचायचीच परवानगी नाही. त्याच्या वाट्याला जुना रस्ता, पेट्रोल पंप, एसटी स्टँड आणि झाडं. गोवा महामार्गाचं म्हणाल तर पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि एक तपाहून जास्त रेंगाळलं. रस्ता रुंद होत गेला तशा कडेच्या ओळखीच्या खानावळी मागे सरकल्या, काही उठल्याच. गावाच्या मधून जाणारा रस्ता पुलावरून जाऊ लागला. चहावाल्या काकूंच्या मागच्या अंगणात असलेला संडास, जो पंधरा वर्षं सगळ्या रायडरना माहीत होता, तो आता पुलाच्या खाली कुठेतरी राहिला.

माझी पहिली लांबची राइड नोव्हेंबरातली. गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्डवाल्यांचा ‘रायडर मेनिया’ हा मेळावा असायचा, त्यासाठी आम्ही चौदा गाड्या निघालो होतो. चालवणारी बाई मी एकटी, मागे बसलेली आणखी एक. लीडर अनुभवी होता, मनाने चांगला होता. त्याने थांबे पेट्रोलच्या हिशेबाने ठरवले होते. साडेतीनशे सीसीच्या गाडीची टाकी साधारण १३ लिटरची. पनवेलला फुल केली की चारशे किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे पेट्रोलसाठी थांबायचं कारणच नाही. पहिला थांबा महाड, सव्वाशे किलोमीटरवर, नाश्त्याला. मध्ये काही लागलं तर सांगा, असं तो ब्रीफिंगमध्ये म्हणाला होता. सगळे लीडर असंच म्हणतात.

पेणच्या अलीकडेच मला लागली. पहाटेची थंडी अंगात घुसली की कातडीतलं रक्त आत सरकतं, मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणी जास्त झालं आणि ती ते बाहेर काढू लागतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की घरून निघताना जाऊन आले होते आणि तरीही. मी रांगेत आठवी होते. लीडरला सांगायचं तर सात गाड्या ओलांडून पुढे जायचं, हात करायचा, सगळ्या चौदा गाड्या थांबवायच्या आणि सगळ्यांसमोर कारण सांगायचं. वडखळ गेलं. नागोठणे गेलं. माणगावच्या आधी मागे पडलेल्यांसाठी पाच मिनिटं रीग्रुपला थांबलो. पुरुष सवयीने रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. मी समोरच्या पंपावर पळत गेले. बायकांच्या दाराला कुलूप होतं. चावी कुणाकडे तरी होती आणि तो कुणीतरी अजून आला नव्हता. परत आले तेव्हा गाड्या चालू झाल्या होत्या.

माणगाव ते महाड हा रस्ता मला आठवत नाही. आठवतात फक्त खड्डे आणि गतिरोधक, कारण प्रत्येकाला पोट आवळून धरावं लागत होतं. एका वळणावर पुढचा ट्रक ब्रेक लावतोय हे मला उशिरा दिसलं. ताशी ७० च्या वेगात गाडी एका सेकंदात १९ मीटर जाते. माझं लक्ष तो एक सेकंद रस्त्यावर नव्हतं. मी वाचले, मागचाही वाचला. त्या दिवशी काही झालं असतं तर पंचनाम्यात ‘वाहनावरील ताबा सुटल्याने’ असं लिहिलं गेलं असतं. ताबा कशामुळे सुटला, हे लिहायला पंचनाम्यात रकाना नसतो.

तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली, चौथ्या दिवशी ताप. पनवेलला परतल्यावर डॉक्टरांनी तपासणी करून अँटिबायोटिक दिलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. मूत्राशयात दीडशे-दोनशे मिलिलिटर जमलं की पहिली जाणीव होते. चारशे-पाचशेपर्यंत बहुतेकांना धरवतं. ते तासन्‌तास तसंच धरलं, वर पाणी कमी प्यायलं, की जिवाणूंना वाढायला वेळ आणि जागा दोन्ही मिळते. बाईची मूत्रनलिका सुमारे चार सेंटिमीटर, पुरुषाची वीसच्या आसपास. तेवढ्या अंतराच्या फरकामुळे हा संसर्ग बायकांना फार पटकन गाठतो. शिवाय उन्हात, जाड जॅकेटमध्ये, हेल्मेटखाली बसलेल्या माणसाने पाणी टाळलं तर डोकं जड होतं, नजर आणि हात मंदावतात. म्हणजे लघवी नको म्हणून पाणी न पिणारी रायडर दोन्हीकडून अडकते. प्यायली तर धरून ठेवायची, नाही प्यायली तर भोवळ.

गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो दर वर्षी वर्तमानपत्रांत येतात. २०११ साली पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी ‘द बायकर्नी’ हा बायकांचाच मोटरसायकल संघ सुरू केला, तेव्हापासून महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्या बायका कुठल्या कुठे गेल्या आहेत. मला त्या फोटोंचा अभिमान आहे. पण नऊवारी नेसून सकाळी सहापासून दुपारपर्यंत गाडीवर असलेली ती बाई मध्ये कुठे गेली असेल, हा प्रश्न फोटो बघताना दर वेळी माझ्या मनात येतो.

यावरचं उत्तर मला कुठल्या परदेशी मोटरसायकल क्लबात सापडलं नाही. ते एसटीत सापडलं.

कोकणातल्या प्रत्येक घरात एसटीच्या प्रवासाची आठवण असते. रातराणी माणगावला किंवा महाडला थांबायची. आतला दिवा लागायचा आणि कंडक्टर पुढून मागे जात मोठ्याने सांगायचा, ‘गाडी पंधरा मिनिटं थांबेल, चहापाणी, लघवी-बिघवी उरकून घ्या.’ बसमध्ये नवी सून असायची, सासरा असायचा, शाळेतले गुरुजी असायचे. कुणी लाजायचं नाही, कारण कुणी काही मागितलेलंच नसायचं. थांबा गाडीचा होता. ज्याला जायचं तो जायचा, ज्याला नाही तो झोपायचा. कंडक्टर चढणाऱ्यांची डोकी मोजायचा आणि मगच दोन घंटा द्यायचा. लहानपणी आईचा हात धरून मी त्या अंधाऱ्या स्टँडावर कितीदा उतरले आहे. तिथली दुर्गंधी आठवते, निसरडी फरशी आठवते, पण आईला कधी कुणाची परवानगी घ्यावी लागल्याचं आठवत नाही.

आणि डोकी न मोजता गाडी सोडली की काय होतं, त्याचं पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने रेल्वेच्या साहेबांना लिहिलं होतं: पोट बिघडलं म्हणून स्टेशनवर उतरलो, बसलो, तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली आणि एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर घेऊन धावताना मी सगळ्यांसमोर पडलो. लोक ते पत्र त्यातल्या मोडक्या इंग्रजीसाठी वाचतात आणि हसतात. मला त्यात हसू येत नाही. गार्डने पाच मिनिटं थांबायला हवं होतं, एवढंच तो माणूस सांगतोय.

तर आमच्या ग्रुपमध्ये आम्ही लीडरचा कंडक्टर केला. हे एका दिवसात झालं नाही. सुरुवातीला कुरबुर झाली की इतके थांबे घेतले तर राइडची मजा जाते, लय तुटते. दोन जण निघूनही गेले. आता पद्धत बसली आहे आणि ती मी इथे सविस्तर सांगते, कारण हे असं सविस्तर कुणी सांगत नाही.

शनिवारी रात्री ग्रुपवर जो मेसेज जातो त्यात नाश्त्याच्या आधी थांबे लिहिलेले असतात. पहिला थांबा निघाल्यापासून पाऊण तासात, पेण-वडखळच्या पट्ट्यात. लोकांना हा फार लवकर वाटतो. पण पहाटेचा चहा आणि पहाटेची थंडी दोन्ही पहिल्या तासातच वसुली करतात, आणि पहिला थांबा वेळेत मिळाला की पुढे माणूस निर्धास्त पाणी पितो. त्यानंतर दर तास-सव्वा तासाला, साधारण साठ-सत्तर किलोमीटरवर. जागा कुणीतरी आधी जाऊन पाहिलेली असते. बायकांसाठी वेगळं दार आहे का, आतून कडी लागते का, पाणी येतं का, दिवा आहे का, एवढ्या चार गोष्टी. टाकी किती चालते हे आता आम्ही विचारतच नाही. ग्रुपमधल्या ज्या माणसाला सगळ्यांत लवकर जावं लागतं, राइड त्याच्या घड्याळावर चालते. तो कोण, हे कुणाला कळायचीही गरज नाही.

थांब्यावरचा क्रमही महत्त्वाचा निघाला. पूर्वी पंपावर शिरलो की सगळे आधी पेट्रोलच्या रांगेत लागायचे. पेट्रोल झालेला माणूस गाडी पुढे काढून लावायचा, हेल्मेट चढवायचा आणि तयार. ज्या बायका पेट्रोलनंतर लघवीला जायच्या त्या दारातून बाहेर येईपर्यंत दहा जण गाड्यांवर बसलेले, एखाद-दुसरं इंजिन सुरू. कुणी बोलत नसलं तरी आपल्यासाठी सगळे खोळंबलेत हे त्या आवाजातून ऐकू येतं. पुढच्या थांब्याला ती बाई जातच नाही. आता आधी लघवी, मग पेट्रोल, शेवटी चहा. दार एकच असेल तर बायका आधी. आणि एक नियम, ज्यावर मी भांडले आहे: लीडरने हेल्मेट सगळ्यांत शेवटी चढवायचं. लीडर उघड्या डोक्याने उभा असेपर्यंत कुणी सेल्फ मारायचा नाही. स्वीप, म्हणजे सगळ्यांत मागे चालणारा रायडर, डोकी मोजून अंगठा दाखवतो, मग लीडर हेल्मेट घालतो.

मधेच कुणाला लागली तर? त्यासाठी खूण आहे. अमेरिकेतल्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनने ग्रुपमध्ये चालवताना हाताने करायच्या ज्या खुणा ठरवल्या आहेत त्यांत ही एक आहेच: डावा हात बाजूला काढायचा, मूठ वळायची आणि वरखाली हलवायची. पेट्रोलसाठी वेगळी खूण, खाण्यापिण्यासाठी वेगळी. हीच खूण पुढचा पाहतो, त्याच्या पुढचा पाहतो, लीडरपर्यंत जाते. कुणी सुरू केली ते लीडरला कळत नाही. मला त्या खुणेतली हीच गोष्ट आवडते. तीच संस्था ग्रुपमध्ये पाच ते सात गाड्या असाव्यात असं सांगते. आम्हीही चौदाच्या दोन तुकड्या करतो. एकाच दारापाशी चौदा जण पोचले तर अर्धा तास तिथेच जातो.

स्वीपच्या बॅगेत एक कापडी पिशवी असते. साबणाचे कागद, टिश्यू, सॅनिटरी पॅडची चार पाकिटं, वापरलेलं गुंडाळायला जुनं वर्तमानपत्र आणि ते ठेवायला काळी पिशवी, छोटी बॅटरी, उभ्याने लघवी करायला बायकांसाठी मिळणारं कागदी फनेल. आणि दोन हात सुतळी, तिच्या एका टोकाला वाकवलेली तार. ही सुतळी माझी. जाळीच्या खिडकीत किंवा नळाच्या पाइपला तार अडकवायची, दुसरं टोक दाराच्या कडीच्या भोकातून ओवून हाताला गुंडाळायचं. आतून कडी नसलेलं दार असं बंद राहतं. आत खुंटी नसते हेही सांगितलं पाहिजे. हेल्मेट दाराबाहेर मैत्रिणीकडे द्यायचं, हातमोजे दातात धरायचे, जॅकेट अंगावरच, गुडघ्याचे गार्ड खाली सरकवताना फरशीला लागू द्यायचे नाहीत. पुरुषाचं काम एका मिनिटात होतं. आम्हाला चार-पाच मिनिटं लागतात, आणि त्यातली तीन कपड्यांची असतात.

एकदा जुलैत कोलाडच्या पुढे पावसाने असं झोडपलं की ठरलेल्या थांब्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं. आम्ही तिघी एका घराच्या पडवीत शिरलो. ओल्या रेनकोटातून धारा लागलेल्या. आतून एक म्हाताऱ्या बाई आल्या, हातात सूप होतं, तांदूळ निवडत असाव्यात. मी म्हटलं, ‘आजी, जरा तुमचा संडास वापरू का?’ त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं, हेल्मेट काढल्यावर बायका आहोत हे पाहून चेहरा बदलला. मागे परसात न्हाणीघर होतं, त्याला लागून संडास. त्यांनी चुलीवरच्या हंड्यातलं गरम पाणी बादलीत ओतून दिलं, मी नको म्हणत असताना. दाराला लाकडी आडणा होता, आतून घट्ट लागणारा. बाहेर आलो तेव्हा त्यांनी पडवीत तीन पाट मांडले होते. महामार्गावर मला मिळालेला सगळ्यांत चांगला थांबा तोच. पण दर थांब्याला अशी आजी भेटेल या भरवशावर चौदा माणसं नेता येत नाहीत.

भरवसा ज्यांच्यावर ठेवायचा त्यांचं काय? मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली. कोरो संस्थेच्या मुमताज शेख, सुप्रिया सोनार आणि अनेक जणींनी शहरातल्या मुताऱ्या मोजल्या. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हा साधा अन्याय त्यांनी आकड्यांत मांडला. पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ने जनहित याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहं बांधण्याबाबत सविस्तर आदेश दिले. पुण्यातच जुन्या बसगाड्यांची ‘ती’ नावाची स्वच्छतागृहं झाली. हे सगळं शहरातलं. शहराची वेस ओलांडली की जबाबदारी कुणाची हेच धूसर होतं. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असलंच पाहिजे असा तेल कंपन्यांचा नियम आहे, पण ते वाटसरूसाठी की फक्त पेट्रोल भरणाऱ्यासाठी, यावर केरळमध्ये २०२५ साली पंपमालक उच्च न्यायालयात गेले. मला पंपमालकाचं दुखणं कळतं. रोज शेकडो अनोळखी लोक येतात, घाण करून जातात, साफ करणारा माणूस टिकत नाही. म्हणून आम्ही जिथे थांबतो तिथे थोडं का होईना पेट्रोल भरतो, चहा घेतो, आणि निघताना फरशीवर दोन बादल्या पाणी ओततो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने टोल नाक्यांवरच्या अस्वच्छ शौचालयाचा फोटो पाठवणाऱ्याला हजार रुपये जाहीर केले. विचार चांगला होता. रक्कम फास्टॅगमध्ये जमा होणार होती. दुचाकीला टोल नाही, त्यामुळे फास्टॅगही नाही. रस्त्याचं नियोजन करताना डोळ्यांसमोर चारचाकी असते, हे मला अशा छोट्या तपशिलांतून जाणवत राहतं. वर्षातून एकदा मात्र गोवा महामार्ग सगळ्यांचा होतो. गणपतीत रेल्वेचं आरक्षण न मिळालेले चाकरमानी बायकोला मागे आणि पोराला पुढे बसवून मोटरसायकलवर गावाला निघतात. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला मंडप टाकून सुविधा केंद्रं उभी राहतात: पोलीस, डॉक्टर, चहा, स्वच्छतागृह. विसर्जन झालं की मंडप उतरतो. मांडव दहा दिवस उभा राहू शकतो याचा अर्थ जागा आहे, पाणी आहे, माणसं आहेत.

बायकांबद्दल इतकं बोलले म्हणून पुरुष या प्रश्नातून सुटले असं नाही. आमच्यातले निम्मे जण पन्नाशीपुढचे आहेत. कुणाचं प्रोस्टेट वाढलेलं, कुणाला मधुमेह, कुणी ब्लड प्रेशरसाठी सकाळी लघवीची गोळी घेतो. एक काका राइडच्या दिवशी ती गोळीच घेत नसत. हे त्यांनी आम्हाला चार वर्षांनी, थांबे ठरल्यावर सांगितलं. रक्तदाबाची गोळी चुकवून माणूस बोरघाट चढत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. पुरुषाला कुठेही उभं राहता येतं, या समजुतीने त्यांच्या अडचणीवर पांघरूण पडतं. आणि कुठेही उभं राहणं हेही तितकं सोपं नाही. रायगड-रत्नागिरीच्या कातळावर, दगडांच्या सांदीत लाल विंचू असतो, फुरसं असतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी याच भागातले विंचूदंशाचे रुग्ण तपासत प्रॅझोसिनचा उपचार जगासमोर मांडला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पूर्वी ज्या दंशाने माणसं पटापट दगावत त्यावर त्यांनी औषध शोधलं, पण पहाटेच्या अंधारात झुडपात जाताना ते औषध खिशात नसतं. आमच्याकडे आता झाडामागे जाणं बंद आहे, पुरुषांनाही. कर्नाळ्याच्या अभयारण्यात तर कुणीच थांबत नाही.

माझ्या पहिल्या राइडला ज्या पंपावर कुलूप होतं, तिथे आम्ही जात राहिलो. दुसरी जागा नव्हती. दर वेळी चावी कुणाकडे तरी असायची. तीन वर्षांपूर्वी आम्ही सहा जणी ठरवून राइड नसलेल्या दिवशी गेलो, मालकांना भेटलो. त्यांच्या आई तिथेच कॅबिनमध्ये बसल्या होत्या. मालक चोरीचं, घाणीचं, नळ तुटल्याचं सांगत होते. आईंनी मधेच विचारलं, तुम्ही पनवेलहून इथवर तशाच येता? मी हो म्हटलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत.

पुढच्या महिन्यात गेलो तर हवा भरायच्या मशीनशेजारी भिंतीत खिळा ठोकलेला होता आणि त्यावर चावी लटकत होती. हरवू नये, कुणाच्या खिशात जाऊ नये म्हणून तिला जुना, काळा पडलेला स्पार्क प्लग तारेने बांधला आहे. दार उघडताना तो पत्र्यावर आपटतो आणि टण्ण वाजतो. आतली कडी अजून ढिली आहे, सुतळी लागते. शनिवारच्या मेसेजमध्ये त्या थांब्यापुढे आम्ही आता एवढंच लिहितो: चावी बाहेर, हवेच्या मशीनजवळ, डाव्या हाताला.